लाटांची खूण असलेलं कार्ड : भीती किती खरी, काळजी कशाची?



गेल्या महिन्यात नागोठण्याजवळच्या एका वाडीत गटाच्या मीटिंगला गेले होते. बचत गोळा झाली, हप्ते मांडले, आणि एका ताईंचा हप्ता आलाच नाही. दर महिन्याला सगळ्यांच्या आधी पैसे ठेवणाऱ्या ताई! विचारल्यावर कळलं, बँकेकडून त्यांना नवं एटीएम कार्ड आलं होतं. त्यावर लाटांसारख्या चार वाकड्या रेघा होत्या. भाच्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला : एसटीच्या गर्दीत एक माणूस पर्सला मशीन लावतो आणि खात्यातले पैसे जातात. ताई घाबरल्या. दुसऱ्या दिवशी सगळे पैसे काढून तांदळाच्या डब्यात ठेवले. आता डब्यापर्यंत घरातल्या सगळ्यांचाच हात पोचतो. पंधरा दिवसांत पैसे संपले आणि हप्ता राहिला.

चोर आला नाही, पण नुकसान झालंच. म्हणून या वेळी या कार्डाबद्दल सगळं नीट समजून घेऊ.

आपल्याकडच्या बायका बँकेच्या बाबतीत चटकन घाबरतात, त्याला कारण आहे. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि कितीतरी कुटुंबांच्या ठेवी अडकल्या. पण कार्डाचा धोका वेगळा असतो, आणि तो बराचसा आपल्या हातात असतो.

हे कार्ड चालतं कसं?

कार्डाच्या आत चिप असते आणि बारीक तारेचं वेटोळं असतं. कार्डाला स्वतःची बॅटरी नसते. दुकानातल्या मशीनजवळ नेलं की मशीनकडूनच त्याला वीज मिळते. म्हणून ते अगदी जवळ, दोन-चार सेंटिमीटरवर धरावं लागतं. दर वेळी चिप एक नवा सांकेतिक आकडा तयार करते. तो एकदाच चालतो. तुमचा पिन कार्डातून बाहेर जात नाही.

आपल्या देशात एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न टाकता होऊ शकतो. आधी ही मर्यादा २,००० होती, १ जानेवारी २०२१ पासून ती वाढली. एटीएममधून पैसे काढायला मात्र पिन लागतोच.

मग गर्दीत पर्सला मशीन लावून पैसे काढता येतात का?

यंत्राच्या हिशोबाने अशक्य नाही, पण चोराला परवडणारं नाही. ते मशीन बँकेकडून घ्यावं लागतं, दुकानदाराची कागदपत्रं तपासून. पैसे जातात ते त्याच्याच खात्यात. म्हणजे चोरी करताना नाव-पत्ता मागे सोडून जाण्यासारखं झालं. शिवाय पर्समध्ये दोन-तीन कार्डं एकत्र असली की मशीनचा गोंधळ उडतो.

जून २०२२ मध्ये असाच एक व्हिडिओ फिरला होता, आठवतंय? गाडीची काच पुसणारा मुलगा हातातल्या घड्याळाने फास्टॅगमधले पैसे काढतो, असा. तो खोटा होता. फास्टॅगमधून पैसे नोंदणी झालेल्या टोलनाक्यासारख्या ठिकाणीच जातात, असा खुलासा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने केला.

उलट जुन्या कार्डामागची काळी पट्टी जास्त कच्ची. तिच्यातली माहिती कायम तीच राहते, त्यामुळे तिची नक्कल होते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेवर हल्ला झाला. नकली कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यात कोणी कोणाच्या पर्सला मशीन लावलं नव्हतं.

मग खरा धोका कुठे?

पहिला, कार्ड हरवलं तर. बाजारात पडलं, एसटीत राहिलं, तर सापडणारा पिन नसतानाही दुकानात वापरू शकतो. एकदाच नाही, परत परत.

दुसरा, एटीएमच्या दारात. "ताई, मी काढून देऊ का?" म्हणत कोणी कार्ड हातात घेतो, पिन बघतो, आणि तसंच दिसणारं दुसरं कार्ड परत देतो. घरी येईपर्यंत कळतही नाही.

तिसरा धोका बोलायला अवघड आहे. त्याच मीटिंगनंतर एका ताईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "आमचे हे पिन विचारायचे, मी सांगत नव्हते. आता पिन लागतच नाही म्हणतात. मग काय करू?" ताईंनो, पिन हे आपल्या पैशाचं कुलूप आहे. टॅप चालू असेल तर ते कुलूप ५,००० रुपयांपर्यंत उघडंच असतं, मग कार्ड नेणारा बाहेरचा असो की घरातला.

कुलूप परत लावता येतं

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये नियम केला : नवं कार्ड देताना ते एटीएममध्ये आणि दुकानातल्या मशीनमध्ये घालून वापरण्यापुरतंच चालू असावं. टॅपची सोय ग्राहकाने मागितली तर सुरू करायची. ती बंद करता येते, मर्यादाही कमी करता येते. बँकेच्या ॲपवरून, एटीएमवर किंवा फोनवरून हे होतं. जमत नसेल तर शाखेत जाऊन विचारा, "माझ्या कार्डावर टॅप चालू आहे का? असेल तर बंद करा." कारण सांगायची गरज नाही. टॅप बंद केला तरी पिन टाकून कार्ड पहिल्यासारखंच चालतं.

आणखी एवढं करा :

- खात्याला स्वतःचा मोबाईल नंबर जोडा, मुलाचा किंवा दिराचा नको. मेसेज तुम्हालाच आला पाहिजे.
- दुकानात कार्ड स्वतःच्या हाताने टेकवा. आधी मशीनवरची रक्कम वाचा. वाचता येत नसेल तर मोठ्याने विचारा.
- पिन कार्डावर किंवा पाकिटात लिहून ठेवू नका.
- बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पैसे गेलेच तर?

रडत बसू नका, घरात कोण काय म्हणेल याची वाटही बघू नका. आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा आणि तक्रार क्रमांक घ्या. मग १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या ३ दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ४ ते ७ दिवस लागले तर काही भार येतो. साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० आणि शून्य शिल्लक चालणाऱ्या मूळ बचत खात्याला ५,००० रुपये. पिन आपणच कोणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. म्हणून तक्रारीची वेळ लिहून ठेवा.

गटाचं खातं दोघींच्या सह्यांनी चालतं, त्याला या कार्डाचा धोका नाही. पण गटाचा हप्ता आपल्या स्वतःच्या खात्यातूनच येतो ना?

पुढच्या मीटिंगला प्रत्येकीने कार्ड घेऊन या. लाटांची खूण कोणाच्या कार्डावर आहे ते बघू आणि टॅप ठेवायचा की नाही हे जिचं तिने ठरवायचं. ज्या ताईंचा हप्ता राहिला होता, त्यांनी पैसे परत खात्यात भरायला सुरुवात केली आहे. टॅप त्यांनी बंद केलाय. आणि शाखेत त्या एकट्याच गेल्या होत्या.