जुन्या मोटारसायकलीचा वेगमापक : रचना, दोष आणि निगा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला पदार्थविज्ञान शिकवीत असत. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात घेतलेली त्यांची बुलेट मोटारसायकल त्यांच्या कुटुंबीयांनी शाळेच्या स्वाधीन केली आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचा संकल्प माजी विद्यार्थ्यांनी सोडला आहे. मी आयुष्यभर मराठी शिकविली. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही आज ह्या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण त्याच गाडीचा वेगमापक एकदा माझ्या हातून बिघडला होता. त्या निमित्ताने गुरुजींनी जे शिकविले, ते आता ह्या गाडीला हात लावणाऱ्यांपर्यंत पोहोचले पाहिजे.

बुलेट ही मुळात इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कारखान्याची गाडी. १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि ही गाडी आपल्याकडे तयार होऊ लागली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, मद्रासचा मात्र चालू राहिला. त्यामुळे ह्या गाडीचे बरेचसे सुटे भाग आजही मिळतात. परंतु भाग मिळणे आणि तो का झिजला हे कळणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेगमापकाचे तीन अवयव असतात. पहिला, पुढच्या चाकाच्या हबपाशी बसविलेली दातेरी चक्रांची लहानशी पेटी. आपले मिस्त्री तिच्यातील मळसूत्री दातांच्या चक्राला ‘वर्म’ म्हणतात. चाक फिरले की हे चक्र फिरते. दुसरा अवयव म्हणजे केबल. हिच्या आत पोलादी तारांची अनेक पदरी गुंडाळी असते. ती बाहेरच्या नळीत स्थिर न राहता स्वतःभोवती फिरते आणि चाकाचे फिरणे हँडलपर्यंत नेते. तिसरा अवयव म्हणजे प्रत्यक्ष मीटर.

मीटरमध्ये केबलच्या टोकाला एक चुंबक फिरत असतो. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते आणि त्या वाटीच्या दांड्यावर काटा. चुंबक आणि वाटी एकमेकांना स्पर्श करीत नाहीत. मग काटा हलतो कसा? फिरत्या तांब्याच्या तबकडीजवळची चुंबकसूची तबकडीबरोबर ओढली जाते, हे फ्रान्समधील आरागो ह्यांनी १८२४ साली दाखविले होते. त्याचे कारण पुढे फॅरडे ह्यांनी सांगितले : बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत विद्युत्प्रवाहाचे भोवरे निर्माण होतात. ह्याच तत्त्वावर ऑटो शुल्झे ह्यांनी १९०२ साली वेगमापकाचे पेटंट घेतले. चुंबक जितका वेगाने फिरेल तितकी वाटी अधिक ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ह्या दोन ओढींचा जेथे समतोल होतो, तेथे काटा थांबतो. गुरुजी वर्गात ॲल्युमिनियमची चकती दोऱ्याने टांगून तिच्याखाली चुंबक फिरवीत आणि म्हणत, “हाच माझ्या गाडीचा मीटर.”

अंतर मोजणाऱ्या आकड्यांची गोष्ट निराळी. ते दात्यांनी थेट जोडलेले असतात. म्हणून काटा आणि आकडे ह्यांना दोन स्वतंत्र साक्षीदार समजावे. त्यांच्या साक्षी ताडून पाहिल्या की दोष कोठे आहे हे बहुधा मीटर न उघडता कळते. दोन्ही बंद असतील, तर केबल तुटली आहे, तिचे चौकोनी टोक निसटले आहे किंवा वर्म झिजला आहे. आकडे बरोबर पडतात पण काटा थरथरतो, तर केबल कोरडी आहे किंवा तिला कोठेतरी मुरड पडली आहे. आकडे बरोबर आणि काटा सदैव कमी दाखवितो, तर चुंबक क्षीण झाला असावा. काटा जास्त दाखवीत असेल, तर स्प्रिंग ढिली झाली असावी किंवा आत वंगण शिरले असावे. दोन्ही एकाच प्रमाणात चुकत असतील, तर मीटर निर्दोष असून चाकाचे माप किंवा वर्म त्याच्याशी जुळत नाही.

ही पडताळणी कोणालाही करता येते. महामार्गावरील दोन किलोमीटर-दगडांमधील अंतर ४०च्या स्थिर वेगाने कापावे. त्याला ९० सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ पाहण्याचे काम मागे बसलेल्याने करावे. बुलेटच्या पुढच्या चाकाला ३.२५-१९ मापाचा टायर असतो. त्याचा परीघ साधारण २ मीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ५०० फेरे. तेथे त्याच जाडीच्या टायरचे १८ इंची चाक बसविले, तर परीघ सुमारे ४ टक्क्यांनी घटतो आणि मीटर तेवढाच वेग जास्त दाखवितो. अशा वेळी मीटर उघडून काट्याशी खेळणे हा त्या बिचाऱ्यावर अन्याय होय.

आता माझ्या अपराधाविषयी. महाविद्यालयात असताना मी सुट्टीत गुरुजींची गाडी धुऊनपुसून देत असे. एकदा मीटरची केबल तुटलेली आढळली. मी उत्साहाने नवी आणली, तिला शेंड्यापर्यंत भरपूर ग्रीस चोपडले आणि बसविली. आठ दिवसांत गाडी पायी चालण्याच्या वेगाने निघाली तरी काटा ८०वर जाऊ लागला, आणि काही दिवसांनी नवी केबलही तुटली. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी तुटलेल्या तारेचा तुकडा मीटरच्या तोंडात घालून माझ्या बोटांत दिला आणि फिरवायला सांगितले. तो फिरता फिरेना. ते म्हणाले, “केबल तुटणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. तू लक्षण बदललेस आणि रोग तसाच ठेवलास.” मीटरचा दांडा कोरडा पडून जड झाला होता, म्हणून पहिली केबल पिळवटून तुटली होती. आणि माझे ग्रीस फिरत्या तारेच्या आट्यांवरून वर चढून चुंबक आणि वाटी ह्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसले होते.

तेव्हापासून मी जो क्रम पाळीत आलो, तो असा. केबल बदलण्यापूर्वी मीटरचा दांडा बोटांनी हलका फिरतो की नाही ते पाहावे. जड असेल तर घड्याळाच्या पातळ तेलाचा एकच थेंब द्यावा. तरीही न सुटल्यास मीटर जाणत्या कारागिराकडे न्यावा. आतील तार बाहेर काढून रॉकेलने धुवावी आणि काचेवर ठेवून तळहाताने लोळवावी. ती एकसारखी लोळली पाहिजे. उडी मारली तर तिला मुरड आहे, ती टाकून द्यावी. ग्रीसचा पातळ हात खालच्या दोनतृतीयांश भागाला द्यावा, वरचा वीतभर भाग कोरडा ठेवावा. केबलला कोठेही तीव्र वळण देऊ नये. चाक बसविताना वर्मच्या पेटीची जीभ हबच्या खाचेत बसल्याची खात्री करूनच एक्सल आवळावा, नाहीतर जीभ चेपते. शेवटी, मीटरला जोडण्याआधी चाक हाताने फिरवून तारेचे वरचे टोक फिरते का ते पाहावे.

हाच विचार गाडीच्या इतर हलत्या भागांना लागू पडतो. क्लचची केबल फिरत नाही, सरकते. तिला ग्रीस नको, तेल हवे. वरच्या टोकाला कागदाचे नरसाळे बांधून तिच्यात रात्रभर तेल झिरपू द्यावे. ब्रेकच्या कॅमला ग्रीसचा केवळ पुसट थर द्यावा, कारण तेथील जादा ग्रीस लायनरवर गेले की ब्रेक लागत नाही. उलट हँडलच्या कोनसेटमधील छर्रे ग्रीसमध्ये बुडालेले असावेत. पुढचे चाक उचलून धरले असता हँडल आपल्या भाराने दोन्ही बाजूंना सहज कलले पाहिजे. मध्यभागी अडकत असेल तर वाट्यांना खळगे पडले आहेत. नुसते आवळून ते जाणार नाहीत. वंगण हे औषधासारखे आहे. योग्य जागी, योग्य जातीचे आणि योग्य मात्रेत दिले तरच ते गुणकारी ठरते.

दोन इशारे देणे माझे कर्तव्य आहे. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याची धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. तसेच अंधारात चमकण्यासाठी काही फार जुन्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग लावीत. तो चमकेनासा झाला तरी किरणोत्सर्गी राहतो. आपल्या गाडीची तबकडी तितकी जुनी नाही. परंतु ज्यांच्या घरी त्याहून जुनी वाहने आहेत, त्यांनी तो रंग खरवडू नये.

ह्या गाडीला लागणारा एखादा बुश आपल्या बेळगावात घडविणे कठीण नाही. उद्यमबागेत कुशल टर्नर आहेत आणि त्यांपैकी काही ह्याच शाळेतून शिकून गेलेले आहेत. कठीण आहे ते गाडी काय सांगते हे ऐकण्याची सवय टिकविणे. माझी विनंती एवढीच की गाडीबरोबर एक वही ठेवावी. कोणता भाग कधी बदलला, ह्याबरोबरच तो का बिघडला होता, हेही तीत लिहावे. कारण सापडल्यावाचून नवा भाग बसवू नये. मी त्या वेळी दोन केबली वाया घालविल्या आणि गुरुजींचा मीटर महिनाभर बंद पाडला. त्या वहीचे पहिले पान मी लिहून आणले आहे. त्यावर हीच चूक, तिच्या कारणासह नोंदविली आहे. पुढची पाने आपण लिहावीत.