मुळांचा माग (लेखांक ६) : गाव सोडताना कागद कोण देतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूर कॉलरीत कुणालाही मूळ गाव विचारा, उत्तर लगेच मिळतं. कुणी गोरखपूरकडचं, कुणी आदिलाबादकडचं, कुणी छत्तीसगडचं, तर कुणी वर्धा नदीपलीकडच्या भद्रावतीचं. कोळसा आणि चुना या दोन गोष्टींवर हे गाव भरत गेलं. अडचण पुढच्या प्रश्नाला येते : आजोबा इथे आले कधी, आणि त्याचा कागद आहे का?

हा प्रश्न हौसेचा नाही. पोराला जातीचा दाखला काढायचा म्हटलं की तारखा समोर येतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी घराणं महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होतं हे दाखवा, नाहीतर मूळ राज्याकडे बोट दाखवलं जातं. इथेच जन्मलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या, हिंदी फक्त आजीशी बोलणाऱ्या मुलाला हे ऐकावं लागतं.

मागच्या लेखांकात एकाच शेताला पिढ्यान्‌पिढ्या धरून असलेल्या घराण्यांची वंशावळ पाहिली. ते काम त्यामानाने सोपं. शेत आहे तिथे फेरफार आहे, आणि फेरफारात बाप मेला की वारसांची नावं चढतातच. आज बिनशेतीच्या, हललेल्या माणसांकडे वळू. त्यासाठी थोडी वाट वाकडी करून अठराव्या शतकातल्या पेनसिल्व्हेनियात जावं लागेल. घर सोडून निघालेल्या साध्या माणसांचा माग तिथल्या क्वेकर मंडळींनी जितका नीट ठेवला, तितका फार थोड्यांनी ठेवला असेल.

क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिलेला पंथ. पुरोहित नाही, शपथ नाही, शस्त्र नाही. पुरोहितच नाही म्हटल्यावर चर्चच्या नोंदवहीत नाव येणार कुठून? लग्न वैध की अवैध यावरून आधीच कटकटी होत्या. म्हणून त्यांनी आपल्या वह्या आपणच घातल्या. दर महिन्याला सभा, पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी, आणि दोन्हींची इतिवृत्तं. लग्न करायचं तर जोडप्याने लागोपाठ दोन सभांत उभं राहून तसं सांगायचं. मधल्या महिन्यात दोघे-चौघे चौकशी करून येत की आधीचं कुठे काही गुंतलेलं नाही ना. लग्नाच्या दिवशी हजर असलेले सगळे एका मोठ्या कागदावर सह्या करत. सख्खे नातेवाईक बहुधा जोडप्याच्या नावांजवळ. आजच्या शोधकाला त्या एका कागदावर मामे-चुलत्यांसकट अख्खा गोतावळा सापडतो.

आणि कुटुंब गाव सोडून निघालं की सभा दाखला देई. हा माणूस आमच्यातला आहे, वागणूक नीट आहे, देणी राहिलेली नाहीत. नव्या गावच्या सभेत तो दाखला दाखवायचा, आणि तिथल्या वहीत तो चढायचा. म्हणजे एकाच स्थलांतराच्या दोन नोंदी, निघाल्याची आणि पोचल्याची.

बून घराण्याचं उदाहरण घेऊ. डॅनिएल बून हा केंटकीची वाट पाडणारा शिकारी म्हणून अमेरिकेत पोराटोरांना माहीत आहे. त्याचा आजोबा जॉर्ज बून इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला विणकर. त्याने आधी मोठी मुलं पुढे पाठवून मुलूख पाहून घेतला, आणि १७१७ मध्ये बायको आणि उरलेली मुलं घेऊन तो फिलाडेल्फियाला उतरला. सोबत डेव्हनमधल्या सभेचा दाखला होता, तो ग्वाइनेडच्या सभेत दाखल झाला. आधी एक पुढे जाऊन ठाव घेतो आणि मग घर हलतं, ही रीत राजूरच्या किती तरी घरांना ओळखीची वाटेल. फरक त्या दाखल्याचा.

जॉर्जचा मुलगा स्क्वायर. १७२० मध्ये त्याचं सारा मॉर्गनशी लग्न झालं, त्यांना अकरा मुलं, डॅनिएल त्यांतला सहावा, जन्म १७३४. पुढे १७४२ मध्ये थोरल्या मुलीने पंथाबाहेर लग्न केलं. सभेने स्क्वायरला जाब विचारला, त्याने चूक कबूल केली. पाच वर्षांनी मुलगा इस्राएलनेही तेच केलं. या वेळी बाप हटला नाही. त्याला पंथाबाहेर काढलं, आणि १७५० मध्ये कुटुंब उत्तर कॅरोलायनाकडे निघून गेलं. घरातली ही भांडणं आपल्याला का माहीत? कारण सभेने ती लिहून ठेवली. माझ्या मते वंशावळीच्या कामात भांडणाइतका भरवशाचा साक्षीदार नाही. गोडीगुलाबीने राहिलेल्या घरांचे कागद फार कमी मिळतात. वाटणी, दावा, बहिष्कार झाला की नावं, नाती, तारखा सगळं बाहेर येतं.

या वह्यांत एक चकवा आहे. वारांची आणि महिन्यांची नावं परदैवतांवरून आली म्हणून क्वेकर आकड्यांत लिहीत. १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च. म्हणजे ‘सातवा महिना’ हा सप्टेंबर, आणि हौशी शोधक त्याला जुलै करून मोकळे होतात. विसाव्या शतकात या वह्या उतरवून खंडांमागून खंड काढणारा विल्यम वेड हिन्शॉ मुळात ऑपेरातला गायक होता. गळा सोडून वह्या धरल्या. पहिला खंड आला १९३६ मध्ये, तोही उत्तर कॅरोलायनाचाच.

आता परत राजूरला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोरखपूरहून सरकारी भरती डेपोमार्फत मजूर निरनिराळ्या कोळसा खाणींवर धाडले जात. अशा मजुराच्या हाती गावच्या पाटलाचा दाखला असण्याचं कारण नव्हतं. त्याचं नाव लिहिण्याची गरज पडली ती खाणमालकाला. म्हणून खाणकामगाराच्या घराण्यात पहिला धागा खाणीच्याच दप्तरात शोधावा. खाण कायद्याखालचं फॉर्म-बी रजिस्टर पाहा. त्यात कामगाराचं नाव, बापाचं नाव, कायमचा पत्ता आणि कामाला लागल्याची तारीख मिळते, शेजारी अंगठा. कोल माइन्स प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९४८ चा. त्याच्या वारस नोंदीत बायकोचं नावही येतं. खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७३ चं. त्याआधीच्या खासगी मालकांची रजिस्टरं मिळतील तशी मिळतात. चुनाभट्टीवरच्या मजुराचं तर तेही नाही. त्याची हजेरी ठेकेदाराच्या वहीत, आणि ठेकेदार गेला की वहीही गेली.

दुसरा धागा कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळते. तिच्यात तारीख, बापाचं नाव, जात, आणि मूल म्हणजे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बारसं व्हायच्या आत नोंद झालेली, त्यामुळे बाळाला नाव नाही, आणि आईचाही बहुधा पत्ता नाही. क्वेकर जन्मनोंदीत आई-बाप दोघे असतात, त्यामुळे तिथला शोध आईच्या माहेरापर्यंत जातो. आपला बापापाशी थांबतो. तीन भावांच्या घरी दोन वर्षांत पाच ‘मुलगे’ झाले असतील तर कोणता आपला, हे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातल्या जन्मतारखेशी जुळवूनच ठरवावं लागतं. आणि शाळेतली तारीख गुरुजींनी अंदाजे टाकलेली असली, तर तेही जुळत नाही.

जुना कागद हाती आला की आधी त्याचं डोकं वाचावं. १९५० ते १९५६ मधल्या यवतमाळच्या कागदांवर ‘मध्य प्रदेश’ असतं, कारण तेव्हा आपण त्या राज्यात होतो आणि राजधानी नागपूर होती. असा कागद परराज्याचा म्हणून बाजूला पडण्याची भीती असते. अर्जासोबत १९५६ च्या राज्य पुनर्रचनेचा खुलासा लेखी जोडावा. १९०५ पूर्वीचा कागद असेल तर जिल्ह्याचं नाव यवतमाळ नसून वणीवरून पडलेलं ‘वूण’ असेल. नदीपलीकडचा चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा मालगुजारीचा, अलीकडचं वऱ्हाड रयतवारीचं. म्हणून भद्रावतीहून आलेल्या घराण्याला दोन वेगळ्या महसूल-पद्धतींची दप्तरं वाचावी लागतात.

गावाच्या नावाचीही खात्री करावी. एक राजूर आपलं, एक जालन्याकडचं गणपतीचं, एक अकोले तालुक्यातलं. शिवाय चंद्रपूरचं राजुरा, जे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. नक्कल घेताना तालुका आणि जिल्हा दोन्ही लिहून घ्यावेत, आणि अस्पष्ट अक्षर असेल तर मूळ पान डोळ्यांखालून घालण्याचा आग्रह धरावा. ‘राजुरा’तला शेवटचा काना पुसला, तर माणूस एका कागदावर पैनगंगा नदी ओलांडून येतो. पुढच्या आठवड्यात वर्धा नदीपलीकडे जाऊ आणि चांद्याच्या मालगुजारी दप्तरात बिनशेतीचा माणूस कुठे सापडतो ते पाहू.