दूरवैद्यक आणि आयुर्वेदीय चिकित्सक : मर्यादा, नियम व जबाबदारी

दूरवैद्यक हा शब्द आता शासकीय परिपत्रकांपुरता राहिलेला नाही. अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावी केळीच्या बागेतून रुग्णाचा फोन येतो. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात गेलेले कुटुंब तेथूनच औषध विचारते. चिठ्ठीचे छायाचित्र वैद्याच्या आधी औषधी दुकानदाराच्या मोबाईलवर पोहोचते. हा व्यवहार आपण सर्वच करीत आहोत. तो शास्त्रास व कायद्यास धरून कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

पार्श्वभूमी

आपल्या देशात इस्रोने २००१ साली उपग्रहाद्वारे दूरवैद्यकाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. त्याच दशकात महाराष्ट्रात मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय लातूरसह काही जिल्हा रुग्णालयांशी जोडण्यात आले. त्या काळी त्यासाठी स्वतंत्र खोली, यंत्रसामग्री व तंत्रज्ञ लागत असे. मोबाईलने ही अडचण दूर केली. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ई-संजीवनी ही सेवा आरंभिली. मोहालीच्या सी-डॅक या संस्थेने ती विकसित केली असून तिचे मूळ स्वरूप उपकेंद्र व दूरचा डॉक्टर यांना जोडणारे होते. टाळेबंदीत, १३ एप्रिल २०२० रोजी, रुग्णास घरबसल्या सल्ला देणारा बाह्यरुग्ण विभागही तीत सुरू झाला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेद्वारे दिलेल्या सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली.

या सेवेतील एक गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंनी विशेष ध्यानात घ्यावी. महाराष्ट्रात उपकेंद्रांवर नेमलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांत बी.ए.एम.एस. पदवीधरांची संख्या मोठी आहे. म्हणजे दूरचा तज्ज्ञ पडद्यावर दिसत असला, तरी रुग्णाशेजारी बसून त्याच्या पोटावर हात ठेवणारा पुष्कळदा आपलाच पदवीधर असतो. तो हात जाणता नसेल तर पडद्यावरील तज्ज्ञाचेही ज्ञान वाया जाते. सबब दूरवैद्यक हे तालुक्याच्या वैद्यास अनावश्यक ठरवणारे साधन आहे, ही भीती आम्हांस निराधार वाटते. तथापि ते वैद्याच्या हातास पर्यायही नव्हे.

तारेतून काय येते, काय येत नाही

योगरत्नाकरातील अष्टविध परीक्षा या कसोटीवर घासून पाहावी. चलच्चित्र संभाषणात आकृती व दृक् बऱ्याच अंशी कळतात, शब्द कळतो, जिव्हा पाहता येते. मल व मूत्र यांविषयी प्रश्नाने माहिती मिळते. नाडी व स्पर्श मात्र पूर्णतः गमावले जातात. केवळ आवाजी फोनवर तर शब्द आणि प्रश्न एवढेच हाती उरतात. घरातील पिवळ्या दिव्याखाली कामलेचा नेत्रवर्ण दिसत नाही, शोथ दाबून पाहता येत नाही, उदराचे काठिण्य कळत नाही.

यावरून व्यवहाराचा नियम निघतो. ज्या रुग्णाची प्रकृती, कोष्ठ व अग्नी आपण पूर्वी प्रत्यक्ष तपासले आहेत, त्याचा जुना आमवात, विबंध वा अम्लपित्त यांच्या पुनर्भेटीस फोन उपयुक्त आहे. नवीन रुग्ण, तीव्र ज्वर, गर्भिणी, बालक, मधुमेहातील व्रण यांस प्रत्यक्ष बोलवावे. 'छातीत जळजळते' म्हणणाऱ्यास घाम येतो काय, डावा हात वा जबडा दुखतो काय, धाप लागते काय, हे आधी विचारावे. उत्तर होकारार्थी आल्यास अम्लपित्ताची चिकित्सा सांगत न बसता १०८ ची रुग्णवाहिका मागवण्यास सांगावे. सर्पदंशातही तेच. मानसिक ताणाने खचलेल्या रुग्णास १४४१६ हा टेलि-मानसचा निःशुल्क क्रमांक द्यावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे.

नियम

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक सूत्रे प्रसृत केली. त्याच धर्तीवर एप्रिल २०२० मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी स्वतंत्र सूत्रे तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने दिली. मूळ सूत्रांतील व्यवहारोपयोगी बाबी अशा :

१. रुग्ण व वैद्य या दोघांची ओळख परस्परांस पटलेली असावी. चिठ्ठीवर वैद्याचा नोंदणी क्रमांक असावा.

२. रुग्णाने स्वतः संपर्क केल्यास संमती गृहीत धरली जाते. आरोग्य कर्मचारी, नातेवाईक वा वैद्य यांनी आरंभ केल्यास ती स्पष्टपणे घेऊन नोंदवावी.

३. अज्ञान बालकाच्या वेळी प्रौढ व्यक्ती उपस्थित असावी.

४. त्याच व्याधीसाठी मागील सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासणी झाली असल्यासच पुनर्भेट समजावी.

५. संभाषण, कागदपत्रे व चिठ्ठी यांची नोंद जतन करावी. शुल्क घेतल्यास पावती द्यावी.

६. चिठ्ठी थेट औषधी दुकानात पाठवावयाची झाल्यास रुग्णाची स्पष्ट संमती हवी. दुकान कोणते, हे रुग्णाने ठरवावयाचे आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस स्वतंत्र परवाना लागत नाही. परवान्याचा धाक नाही म्हणून विवेक अधिक हवा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई-१ मध्ये वत्सनाभ, धत्तूर, विषमुष्टी, भल्लातक, पारद, हिंगुळ, हरताल आदी द्रव्ये दिली आहेत. पोटात घ्यावयाच्या औषधात ही द्रव्ये असल्यास, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना वेष्टनावर असणे बंधनकारक आहे. अशी देखरेख केवळ आवाजावर होऊ शकत नाही. म्हणून त्रिभुवनकीर्ती (वत्सनाभ) वा अग्नितुंडी (विषमुष्टी) यांसारखे योग न पाहिलेल्या रुग्णास फोनवर लिहू नयेत व विक्रेत्याने ते पुसट छायाचित्रावर देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नामसाधर्म्याचाही धोका आहे. सूतशेखर व लघुसूतशेखर ही नावे फोनवर सारखीच ऐकू येतात. पहिल्यात पारद, वत्सनाभ व धत्तूर आहेत, दुसऱ्यात सुवर्णगैरिक व शुंठी. यास्तव वैद्याने पूर्ण नाव, मिलिग्रॅममधील मात्रा, अनुपान व दिवसांची संख्या लिहावी. 'चिमूटभर', 'थोडे' हे शब्द टाळावेत. विक्रेत्याने चिठ्ठीचा दिनांक पाहावा. सहा महिन्यांपूर्वीचे छायाचित्र पुन्हा पुढे केल्यास औषध देण्याआधी वैद्यास एक फोन करावा.

वैद्य ते वैद्य

दूरवैद्यकाचा सर्वांत निर्धोक उपयोग दोन वैद्यांमध्ये आहे, असे आम्हांस वाटते. अर्धापूरहून नांदेड अवघे २० किलोमीटर असले, तरी रोजमजुरी बुडवून रुग्ण जात नाही. अशा वेळी रुग्ण आपल्यासमोर बसवून, नाडी व उदर स्वतः पाहून, ज्येष्ठ सहकाऱ्यास वा महाविद्यालयातील अध्यापकास फोन लावावा. स्पर्श आपला, अनुभव त्यांचा. परीक्षेचे एकही अंग सुटत नाही. रुग्णास पाठवण्याची गरज आहे किंवा नाही, हेही तेथल्या तेथे ठरते.

प्रत्येक तालुका शाखेने आपल्या सभेत तीन कामे करावीत : दूरध्वनी सल्ल्यासाठी नोंदवहीचा एकच नमुना ठरवावा, अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेल्या नेहमीच्या योगांची यादी सदस्य व विक्रेते यांस द्यावी, आणि सल्ला देण्यास तयार असलेल्या ज्येष्ठ वैद्यांची नावे व वेळा कळवाव्यात. खर्च नगण्य आहे. उद्या एखाद्या रुग्णास अपाय झाला, तर काय विचारले व काय सांगितले याचा लेखी पुरावा म्हणून हीच नोंदवही वैद्य, विक्रेता आणि रुग्ण या तिघांच्या उपयोगी पडेल.