चार्ट दुपारीच का अडतो? (लेखांक ९)

चार्ट अडतो अशी तक्रार आली की सॉफ्टवेअर कोणते आणि कॉम्प्युटर केवढ्याचा, ही चौकशी आधी होते. त्याहून कामाची माहिती म्हणजे तो कोणत्या वेळी अडतो. सकाळी सव्वानऊला बाजार उघडताच पहिली दहा मिनिटे चार्टवरच्या मेणबत्त्या (कँडल) तुटक उमटत असतील, तर संशय डेटावर आणि इंटरनेटच्या जोडणीवर जातो. दिवसभरात चार्ट हळूहळू जड होत गेला, पण प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडताच पूर्ववत पळू लागला, तर दोष मेमरीचा. त्याची चर्चा मागच्या दोन लेखांकांत झाली. पुन्हा उघडूनही फरक पडत नाही आणि रात्री मात्र काहीही न करता सारे सुरळीत होते, असा प्रकार असेल तर वाट वेगळी आहे. त्या वाटेसाठी अमिब्रोकर या चार्टच्या सॉफ्टवेअरमधल्या सूत्रांची कबूल केलेली चिरफाड आठवडाभर पुढे ढकलली आहे. निमित्त आहे पानिपतहून आलेल्या एका पत्राचे.

पानिपत म्हटले की मराठी वाचक थेट १४ जानेवारी १७६१ ला जाऊन पोहोचतो. पाठोपाठ त्या भागातल्या, स्वतःला लढाईनंतर मागे राहिलेल्या सैनिकांचे वंशज मानणाऱ्या रोड मराठ्यांची आठवण निघते. पण उत्तरेतल्या सराफ बाजारांत आज मराठी कानावर पडते ती गलाईवाल्यांची. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, विटा, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेली ही मंडळी सोने-चांदी आटवून, तेजाबात शुद्ध करून देण्याच्या धंद्यावर देशभर पसरली. पत्र लिहिणारे वाचक त्यांच्यापैकीच. दुकानामागच्या खोलीत कॉम्प्युटर, त्यावर एमसीएक्स या वायदे बाजारातल्या सोन्याचा एक मिनिटाचा चार्ट. सकाळी ठीक; दुपारी दोननंतर मेणबत्त्या उड्या मारू लागतात, माऊस अडखळतो, चारच्या सुमारास पडदा गोठतो; रात्री नऊनंतर पुन्हा छान. तंत्रज्ञाने दोनदा विंडोज नव्याने टाकून दिली. फरक शून्य.

या वर्णनातच निदान दडले आहे. सोन्याच्या वायद्यात खरी धावपळ संध्याकाळी असते. अमेरिकेचे रोजगार आणि महागाईचे आकडे तिथल्या सकाळी साडेआठला जाहीर होतात. म्हणजे भारतात उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला, हिवाळ्यात सातला. भावांचा मारा त्यानंतरच्या दोन-तीन तासांत सर्वाधिक. डेटा किंवा सॉफ्टवेअर कमी पडत असते, तर चार्टने संध्याकाळी आणि रात्री मान टाकायला हवी होती. तो टाकतो दुपारी, बाजार पेंगत असताना. दुपारी शिगेला काय पोचते? ऊन.

प्रोसेसरला स्वतःचे तापमान कळते आणि तो स्वतःचा जीव वाचवतो. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, एएमडीच्या अनेकांची ९५. त्या रेषेला टेकताच प्रोसेसर आपला वेग उतरवतो. साडेतीन गिगाहर्ट्झने चालणारे यंत्र दीडवर येते, कधी त्याहूनही खाली. पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. पंखा आणि धातूची पाती उष्णता बाहेर टाकतात ती खोलीतल्या हवेत. त्यामुळे खोली जितकी तापते जवळपास तितकेच प्रोसेसरचे तापमानही चढते. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ७८ वर चालणारे यंत्र जूनमध्ये ४० अंशांच्या खोलीत ९८ च्या घरात जाते. काम तेच, चार्ट तोच. म्हणूनच दिवाळीनंतर विकत घेतलेला कॉम्प्युटर ‘काय पळतो!’ म्हणून वाखाणला जातो आणि मे महिन्यात त्याच्या नावाने बोटे मोडली जातात.

सोन्याचा चार्ट या बाबतीत शेअरच्या चार्टपेक्षा नाजूक असतो. राष्ट्रीय शेअर बाजाराचे सत्र सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे एक मिनिटाच्या ३७५ मेणबत्त्या. एमसीएक्सवर सोने सकाळी नऊपासून रात्री साडेअकरापर्यंत (अमेरिकेचे घड्याळ मागे गेले की ११.५५ पर्यंत) चालते, साडेअकरा धरले तरी ८७० मेणबत्त्या. वीस दिवसांचा चार्ट उघडला तर एकीकडे साडेसात हजार, दुसरीकडे १७,४०० मेणबत्त्या. प्रत्येक नव्या भावागणिक इंडिकेटर पुन्हा मोजायचे आणि चित्र पुन्हा काढायचे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या चार्टचे हे काम मुख्यतः एकाच धाग्यावर होते, त्यामुळे प्रोसेसरला आठ गाभे असले तरी उपयोग थोडा. वेग निम्मा झाला की आलेले भाव रांगेत थांबतात, चार्ट बाजाराच्या मागे पडतो आणि रांग रिकामी झाली की मेणबत्ती एकदम उडी मारते. पत्रातली उडी ती हीच.

संशय पक्का करायला पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या पानावर सीपीयूचा चालू वेग आणि मूळ वेग दोन्ही दिसतात. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला, त्याच चार्टसह, हे आकडे कागदावर लिहून ठेवावेत. दुपारी यंत्रावर भार असूनही चालू वेग मूळ वेगाच्या खूप खाली दिसला, तर उष्णतेवरचा संशय बळावतो. लॅपटॉप चार्जरवर आहे आणि पॉवर मोड बचतीचा नाही, एवढे मात्र आधी पाहावे, कारण तेही वेग उतरवतात. तापमानाचा आकडा टास्क मॅनेजर सीपीयूसाठी देत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम पुरतो, आणि उष्णतेमुळे वेग उतरला का हेही तो हो-नाही असे सांगतो. शिवाय विंडोजची स्वतःची रोजनिशी असते. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम विभागात ‘कर्नल-प्रोसेसर-पॉवर’ या नावाची ३७ क्रमांकाची नोंद दुपारच्या वेळांवर सापडली, तर प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने आवळल्याचा तो लेखी पुरावा असतो. दोनदा विंडोज टाकण्याआधी ही नोंद कोणी पाहिली असती तर!

पण पानिपतचे ऊन दिल्लीतही असते आणि नागपुरातही. मग पानिपतचे यंत्र इतके का गुदमरते? उत्तर शहराच्या धंद्यात आहे. जगभरातले जुने लोकरी कपडे पानिपतला येतात. त्यांची बटणे, चेन काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात, कपडे यंत्रात फाडून त्यांचे तंतू मोकळे करतात आणि त्यांपासून पुन्हा सूत काततात. या पुनर्वापराच्या सुताला तिथे शॉडी म्हणतात. स्वस्त ब्लँकेटांचा मोठा धंदा त्यावर उभा आहे. रंग निवडून ढीग लावल्यामुळे बरेचसे सूत पुन्हा रंगवावेही लागत नाही. मात्र तंतू फाडताना, पिंजताना, कातताना बारीक भुगा हवेत उडतो. कारखान्यांना लागून असलेल्या वस्त्यांत तो खिडकीच्या जाळीवर, छताच्या पंख्यावर आणि कॉम्प्युटरच्या पोटात साचतो.

साध्या मातीच्या धुळीत आणि या भुग्यात फरक आहे. माती पात्यांवर पातळ बसते, बरीचशी आरपार निघूनही जाते. तंतू एकमेकांत अडकतात. अशा भागातल्या लॅपटॉपचे मागचे झाकण उघडून पंखा बाजूला केला, तर पंखा आणि तांब्याची पाती यांच्या फटीत राखाडी रंगाची पट्टी दिसते. तीत लाल, निळे, हिरवे धागे मिसळलेले. चिमट्याने एक टोक धरून ओढले की ती अखंड सुटून येते. पानिपतचे इवलेसे ब्लँकेटच जणू. पंखा पूर्ण वेगाने घोंगावत असतो, बाहेर मात्र वारा येत नाही. आवाज मोठा आणि झोत क्षीण, ही या दुखण्याची कॉम्प्युटर न उघडताही कळणारी खूण. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी आणि सोलापूरच्या वाचकांनीही ती तपासून पाहावी. यंत्रमागाचा कापूसही हेच करतो.

सफाईची रीत सोपी, पण घाईची नाही. यंत्र बंद करून वायर काढावी, लॅपटॉप असल्यास शक्य तिथे बॅटरीची जोडणी सोडवावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. पंख्याचे पाते बोटाने अडवून मगच हवा मारावी. झोताने पंखा मोकाट फिरला की त्याचे बेअरिंग खराब होते. हवा पात्यांच्या बाहेरच्या बाजूने आत मारली तर फटीतली पट्टी सुटते. आतून मारली तर ती आणखी घट्ट बसते. पानिपतच्या कारखान्यांत यंत्रे झाडायला कॉम्प्रेसर असतोच आणि ‘दोन मिनिटांचे काम’ म्हणून कॉम्प्युटरही तिथे नेला जातो. ते टाळावे. त्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो, आणि तेलकट पात्यावर नवा भुगा दुप्पट चिकटतो. तीन-चार वर्षे जुन्या यंत्रात प्रोसेसर आणि पाते यांच्यामधला थर्मल पेस्टही वाळलेला असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून हरभऱ्याच्या दाण्याएवढा नवा लावावा. अधिक लावल्याने अधिक गार होत नाही.

सफाईनंतर यंत्राची जागा बदलली नाही तर दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. भुगा खालीच साचतो. हवा आत घेणाऱ्या तोंडावर बारीक जाळी लावून ती दर रविवारी झटकावी. कूलरच्या झोतात कॉम्प्युटर ठेवण्याची चूक उत्तरेत सर्रास होते. वारा गार लागतो हे खरे, पण तो ओलाही असतो. ओलसर तंतू पात्यांना धरून बसतात आणि पाण्यातला क्षार पांढरा थर धरतो. एसी नसेल तर यंत्र पश्चिमेच्या भिंतीपासून हलवणे आणि दुपारी चार चार्टांऐवजी दोनच उघडे ठेवणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

गलाईच्या दुकानात आणखी एक भानगड असते, आणि पत्रातल्या शेवटच्या ओळीचा रोख तिच्याकडे आहे: ‘कधीकधी निळा पडदा येऊन कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो.’ उष्णतेने चार्ट मंदावतो. निळ्या पडद्याची कारणे मात्र बऱ्याचदा वेगळी असतात. शुद्धीकरणात नायट्रिक आम्ल म्हणजे तेजाब वापरतात, सोने विरघळवायचे तर त्यात हायड्रोक्लोरिक आम्लही मिसळतात. त्यांची वाफ धूर ओढणाऱ्या पंख्यातून सगळीच्या सगळी बाहेर जात नाही. शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या तांब्याच्या जोडण्यांवर ती हिरवट डाग पाडते, रॅमच्या खाचेतला संपर्क कच्चा होतो, आणि मेमरीचा एक बिट चुकला तरी विंडोज कोसळू शकते. रॅमची पट्टी काढून तिचे संपर्क स्वच्छ खोडरबराने हलके घासायचे, चुरा झटकून ती पुन्हा बसवायची आणि विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक चाचणी लावायची, हा दुरुस्तीवाल्यांचा जुना उपाय आहे. तो चालतोही. मात्र वाफ येत राहिली तर तो तात्पुरताच. कॉम्प्युटर आणि भट्टी एका हवेत ठेवू नयेत. माणसाच्या फुप्फुसांचेही हित त्यातच.

कोसळण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. फक्त चार्टचा प्रोग्रॅम बंद पडला आणि बाकी सारे चालू राहिले, तर दोष बहुधा प्रोग्रॅमचा, त्याच्या प्लगइनचा किंवा बिघडलेल्या डेटा फाइलचा. सारे यंत्रच बंद होऊन पुन्हा सुरू झाले, तर उष्णता, रॅम किंवा वीज. इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले एवढेच सांगते, कारण सांगत नाही. पण तिच्या वेळा वीज गेल्याच्या वेळांशी जुळतात का, हे पाहिले की निम्मे काम होते. कधी दोष घरातला नसतोच. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार ११.४० ला थांबले आणि पावणेचार ते पाच असे पुन्हा चालले. त्या दिवशी पंखे साफ करून काहीच हाती लागले नसते. शेजाऱ्याच्या मोबाइलवर भाव हलतो का, ही पहिली चौकशी म्हणूनच कधी सोडू नये.

विजेचा विषय पानिपतच्या पत्रात नाही. पण दुपारी दाब उतरणाऱ्या प्रत्येक गावाला तो लागू आहे. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक खटका असतो: यूपीएस आणि नॉर्मल. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय वीज खंडित झाल्यावर साधारण १६ मिलीसेकंद तग धरतो. नॉर्मलवर इन्व्हर्टरला बॅटरीकडे वळायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते. खटका यूपीएसवर हवा. मात्र यूपीएसवर इन्व्हर्टर सुमारे १८० व्होल्टच्या खालची वीज स्वीकारत नाही. दाब दुपारभर त्याच्याही खाली राहिला, तर तो वारंवार बॅटरीवर जातो आणि संध्याकाळी, नेमके आकडे जाहीर होण्याच्या वेळी, बॅटरी रिकामी असते. तिथे इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर लागतो. राउटर आणि फायबरची पेटीही त्याच इन्व्हर्टरवर जोडावी. कॉम्प्युटर तगला आणि राउटर क्षणभर विझला, तर जोडणी परत यायला मिनिट-दोन मिनिटे जातात आणि तेवढ्या मेणबत्त्या चार्टवरून गायब होतात. त्या परत भरण्याची रीत, आणि अर्धवट लिहिल्या गेलेल्या डेटा फाइलची दुरुस्ती, सूत्रांच्या लेखांकात सूत्रांच्या आधी येईल.