गिट पुश अडकलंय? पोस्टबफर वाढवण्याआधी एरर वाचा

वेबसाइटच्या व्हिडिओखाली एकच तक्रार पुन्हा पुन्हा येतेय: "सर, पुश करताना आरपीसी फेल्ड येतं, काय करू?" इंटरनेटवर याला एकच ठरलेलं औषध मिळतं. एचटीटीपी डॉट पोस्टबफर ५२४२८८००० करा, म्हणजे ५०० एमबी. मीही तेच केलं होतं. दिवाळीच्या आधीचा आठवडा, साड्यांचे नवे फोटो साइटवर चढवायचे होते आणि पुश काही होईना. बफर ५०० एमबी केला, तरी तीच एरर. अर्धा दिवस वाया गेला, गिऱ्हाइकं फोनवर "फोटो कुठेत?" विचारत होती.

चूक माझीच होती. मर्यादा कोणाची आहे हे न बघताच मी बफर वाढवला.

आता हे नीट समजून घ्या. गिट आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते छोट्या पुड्यांमध्ये. प्रत्येक पुडीच्या तोंडाशी चार अक्षरांत तिची लांबी लिहिलेली असते आणि ती चार अक्षरं धरून एक पुडी जास्तीत जास्त ६५५२० बाइटची. मजकूर मोठा असेल तर पुड्या वाढतात, पुडी मोठी होत नाही. सर्व्हरकडून येणाऱ्या पुड्यांत पुढे एक बाइट असतो, तो सांगतो आत काय आहे: १ म्हणजे माल, २ म्हणजे निरोप, ३ म्हणजे गंभीर चूक. स्क्रीनवर "रिमोट" असं लिहून ज्या ओळी येतात ना, त्या बहुतेक या दोन नंबरच्या निरोपाच्या. त्या न वाचता पुढे जाऊ नका, उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं.

मग पोस्टबफर काय करतो? असं धरा, तुमच्या दुकानात माल बांधायचं एक टेबल आहे. सगळा माल टेबलावर मावला तर तुम्ही एकूण वजन चलनावर लिहून एकदम पाठवता. नाही मावला, तर एकूण वजन न लिहिताच हप्त्याहप्त्याने पाठवायला सुरुवात करता. पोस्टबफर म्हणजे ते टेबल. मूळ माप १ एमबी. हप्त्याने पाठवायच्या पद्धतीला चंक्ड म्हणतात आणि बहुतेक सर्व्हरना ती चालते.

काही जुने सर्व्हर किंवा मधले प्रॉक्सी मात्र वजन न लिहिलेलं चलन घेत नाहीत. तिथे ४११ नंबरची एरर येते. फक्त अशा वेळी टेबल मोठं करून खरंच काम होतं. गिटच्या स्वतःच्या माहितीपत्रकातही हेच लिहिलंय की हा आकडा वाढवून पुशच्या बहुतेक अडचणी सुटत नाहीत, उलट मेमरी जास्त लागते, कारण छोट्या पुशलाही पूर्ण बफर राखून ठेवला जातो. दुकानातल्या ४ जीबी रॅमच्या कॉम्प्युटरला हे परवडणारं नाही.

माझी एरर होती ४१३. म्हणजे समोरच्या गेटवरच उंचीचा दांडा लावलेला. माझ्या सर्व्हरवर पुढे एनजिनएक्स होतं आणि त्यात येणाऱ्या मालाची मूळ मर्यादा १ एमबी असते. आता सांगा, मी माझं टेबल कितीही वाढवलं तरी समोरचा दांडा वर जाणार आहे का? क्लायंट मॅक्स बॉडी साइज ही एक ओळ सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बदलली आणि पुश गेलं. सर्व्हर तुमच्या हातात नसेल तर होस्टिंगवाल्याला ४१३ नंबर सांगून हीच ओळ बदलायला सांगा, नाहीतर एसएसएच वापरा. त्या रस्त्यावर एचटीटीपीचा दांडाही नाही आणि पोस्टबफरचा संबंधही नाही.

गिटहबवर असाल तर गोष्ट वेगळी. तिथे ५० एमबीच्या वरच्या फाइलला इशारा मिळतो आणि १०० एमबीच्या वरची फाइल घेतच नाहीत. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मोठा व्हिडिओ डिलीट करायचा, नवा कमिट करायचा आणि पुन्हा पुश. पुन्हा तीच एरर! कारण जुन्या कमिटमध्ये तो व्हिडिओ अजून बसलेलाच आहे आणि पुशबरोबर इतिहासही जातो. शेवटच्याच कमिटमध्ये असेल तर फाइल काढून कमिट अमेंड करा. मागे कुठेतरी असेल तर गिट फिल्टर रेपो नावाचं टूल वापरावं लागेल, पण आधी पूर्ण फोल्डरची कॉपी काढून ठेवा, हे विसरू नका.

आणि एरर फक्त "रिमोट एंड हंग अप" एवढीच असेल, नंबर नसेल, तर बऱ्याचदा नेट मध्येच तुटलेलं असतं. तेव्हा खूप कमिट साठले असतील तर जुन्यापासून थोडे थोडे पुश करा. सगळे फोटो एकाच कमिटमध्ये असतील तर याचा उपयोग नाही, तो कमिट सॉफ्ट रिसेट करून तीन-चार तुकड्यांत पुन्हा करायचा.

मी आता साड्यांचे मूळ व्हिडिओ गिटमध्ये ठेवतच नाही, ते हार्डडिस्कवर. साइटसाठी लहान केलेले फोटो तेवढे गिटमध्ये. पोस्टबफरची ती ओळही अनसेट करून टाकलीय. तुम्हीही केली असेल तर आधी ती काढा, मग कमेंटमध्ये एररची पूर्ण ओळ नंबरासकट लिहा.