दंडावरच्या पट्टीचे वजन

क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलणे, क्षेत्ररक्षण लावणे कर्णधाराच्या हाती असते. फुटबॉलमध्ये असे निर्णय प्रशिक्षकाचे. नियमांनुसार कर्णधाराला कोणताही विशेष दर्जा नाही. संघाच्या वर्तनाची काहीशी जबाबदारी तेवढी त्याच्यावर असते. मग या पट्टीचे महत्त्व कशात?

२१ एप्रिल १९९९ रोजी तुरिनमध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीच्या परतीच्या सामन्यात युव्हेंटसने पहिल्या ११ मिनिटांतच मँचेस्टर युनायटेडवर दोन गोल चढवले. षटकांमधली उसंत येथे नसते. प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांना मैदानाबाहेरून ओरडण्यापलीकडे फारसे काही करता येण्याजोगे नव्हते. २४व्या मिनिटाला कर्णधार रॉय कीनने हेडरने गोल केला. थोड्याच वेळात त्याला पिवळे कार्ड मिळाले आणि संघ जिंकला तरी अंतिम सामन्याला तो मुकणार, हे निश्चित झाले. खरे नेतृत्व दिसले ते यानंतर. जो सामना आपल्याला खेळता येणार नाही, त्यासाठी तो पूर्वीच्याच त्वेषाने मैदान पालथे घालत राहिला. सहकाऱ्यांना मागे राहण्याची सोयच उरली नाही. युनायटेडने ३-२ असा विजय मिळवला. कीनची जीभ सौम्य कधीच नव्हती, हेही खरे.

बार्सिलोनातील अंतिम सामन्यात पट्टी गोलरक्षक पीटर श्मायकेलच्या दंडावर होती. कीन सूट घालून बाहेर बसला होता.