लेन्स घेण्याआधी

लग्नाच्या फोटोंसाठी भाच्याला झूम लेन्स हवी होती. पैसे आपाच्या बचतीतले. म्हणून आम्ही दोन लेन्स भाड्याने आणून शादी हॉलमध्ये वापरून पाहिल्या. कॅननची ७०-३०० मिमी, एफ/४-५.६ सुमारे सातशे ग्रॅमची. ७०-२०० मिमी, एफ/२.८ जवळपास दीड किलोची आणि कितीतरी महाग. पण एफ/५.६ पेक्षा एफ/२.८ वर चौपट प्रकाश आत येतो. मंद उजेडात पहिलीला १/५० सेकंद लागतो, तिथे दुसरीला १/२०० पुरतो. हलणारे चेहरे स्पष्ट येतात. स्टॅबिलायझर फक्त आपल्या हाताची थरथर सावरतो. दिवसाउजेडी मात्र पहिली पुरेशी आहे. भाच्याने तीच घेतली. हॉलचे काम मिळाले की दुसरी भाड्याने आणतो. आपाची बरीच बचत शाबूत राहिली.